सिटीज स्कायलाइन्स: रस्ते रुंद करून थकलात? आता चौकांकडे बघा

'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर वसवण्याच्या संगणकीय खेळात लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास आली की बहुतेक शहरांची एकच गत होते. हायवेवरून उतरणाऱ्या रॅम्पवर ट्रकांची रांग लागते, ती मागे मागे सरकत थेट हायवेवर पोचते आणि मग कचऱ्याची गाडी त्याच रांगेत, शववाहिका त्याच रांगेत, आगीचा बंबही त्याच रांगेत. घरांवर कवट्या (मृतदेह उचलला गेला नाही याची खूण) तरंगायला लागतात. आपण घाईघाईने अपग्रेडचं बटण दाबतो, चार लेनचा रस्ता सहा लेनचा करतो. पैसे जातात, रांग जिथल्या तिथे.

माझी पहिली तीन शहरं अशीच गेली. चौथ्यात एकदा कॅमेरा पार जमिनीला टेकवून त्या रांगेशेजारी पाच मिनिटं नुसता बघत बसलो, तेव्हा गोम कळली. सहा लेनच्या रस्त्यावर अख्खी रांग एकाच लेनमध्ये उभी होती. शेजारच्या लेन रिकाम्या होत्या. रस्ता कमी पडतच नव्हता, पुढचा चौक कमी पडत होता.

हा लेख २०१५ सालच्या पहिल्या 'सिटीज: स्कायलाइन्स'बद्दल आहे. फिनलंडमधल्या टँपेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डरने तो बनवला. त्याआधी त्यांनी 'सिटीज इन मोशन' हा बस-ट्रामच्या जाळ्याचा खेळ काढला होता, हे कळलं की या खेळात वाहतुकीला एवढं महत्त्व का, याचा उलगडा होतो. दुसऱ्या भागाबद्दल शेवटी थोडं लिहिलंय, पण इथली बरीचशी गणितं तिथेही लागू पडतात.

आधी गाडीचं डोकं समजून घ्या

या खेळातली प्रत्येक गाडी खऱ्या ठिकाणाहून खऱ्या ठिकाणी जाते. अमुक घरातला माणूस तमुक कारखान्यात कामाला आहे, तमुक कारखान्याचा माल अमुक दुकानात जातोय. पण ही गाडी हुशार नाही. तिच्या चार खोडी लक्षात ठेवा, निम्मी कोडी तिथेच सुटतात.

पहिली खोड: निघतानाच ती पूर्ण मार्ग ठरवते. त्यासाठी अंतर आणि रस्त्याची वेगमर्यादा बघते, गर्दी बघत नाही. पुढे दोन किलोमीटर कोंडी असली तरी ती तिथेच जाऊन उभी राहणार. आपल्यासारखी 'चल, आतल्या गल्लीतून काढू' ही अक्कल तिला नाही.

दुसरी: पुढच्या वळणासाठी लागणारी लेन ती फार आधी धरते. उजवीकडे वळायचं असेल तर चौक लांब असतानाच उजव्या लेनमध्ये जाऊन बसते आणि तिथेच राहते. रिकाम्या लेनच्या शेजारची ती लांबलचक रांग यातूनच येते.

तिसरी: खूप वेळ अडकलेली गाडी खेळ गुपचूप गायब करतो. त्यामुळे शहर पूर्ण ठप्प होत नाही, पण आजारही झाकला जातो. गायब झालेला ट्रक म्हणजे दुकानात न पोचलेला माल. दुकानांवर 'माल नाही'ची चिन्हं दिसली, तर दुकानांआधी रस्ते तपासा.

चौथी मजेशीर आहे. माणसं मोटार खिशातून काढतात. मेट्रोने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेला माणूस तिथे उतरून स्वतःची गाडी काढून निघालेला मी पाहिलाय. पार्किंग नाही म्हणून लोक गाडी टाळतील, ही आशा इथे सोडून द्या.

कोरा नकाशा: पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

नवा खेळ सुरू करताना डावीकडून वाहतुकीचा पर्याय दिसतो. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे तो निवडायचा असेल तर आत्ताच, नंतर मेनूत शोधत बसाल. मी तोच वापरतो आणि खालचं सगळं डाव्या बाजूने गाडी चालवण्याच्या हिशेबाने लिहिलंय. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ उजव्या बाजूच्या देशांचे असतात. ते बघताना प्रत्येक रॅम्प आरशात बघावा तसा उलटा करून घ्या. मी एकदा एक सुंदर इंटरचेंज (रॅम्पनी रस्ते हायवेला जोडणारी रचना) जसाच्या तसा उतरवून काढला आणि सगळे बाहेर पडायचे रॅम्प आत येणारे झाले.

मापं पाठ असू द्या. खेळातलं एक घर, म्हणजे जमिनीवरच्या चौकटीतला एक चौकोन, ८ मीटरचं. दोन लेनचा साधा रस्ता दोन घरं रुंद, म्हणजे १६ मीटर. चार लेनचा आणि सहा लेनचा, दोन्ही ३२ मीटर. याचा अर्थ असा, की चार लेनचा रस्ता पुढे सहा लेनचा करताना एकही इमारत पडत नाही. दोन लेनचा मोठा करायला गेलात तर कडेची घरं जातात. म्हणून मुख्य रस्ता होणार हे माहीत असलेल्या ठिकाणी सुरुवातीलाच चार घरांची जागा राखा. हातात ७०,००० असताना चार लेनचा रस्ता परवडत नाही, हे खरं. मग दोन लेनचाच टाका, पण त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडा.

सुरुवातीच्या तुकड्यात हायवेचं टोक आलेलं असतं. नव्या खेळाडूचा हात शिवशिवतो आणि तो हायवेच्या तोंडाशीच वस्ती वसवतो. ते टोक म्हणजे तुमच्या शहराचं नाक आहे, पुढे प्रत्येक ट्रक तिथूनच श्वास घेणार. तिथून पहिल्या चौकापर्यंत किमान तीस-चाळीस घरं अंतर ठेवा आणि त्या पट्ट्यात एकही झोन (घरं, दुकानं, कारखान्यांसाठी रंगवून राखायची जागा) रंगवू नका.

रस्त्यांची उतरंड

शहरातल्या रस्त्यांना दोनच कामं असतात: लांब नेणं आणि दारात सोडणं. दोन्ही कामं एकाच रस्त्याला दिली की तो दोन्ही नीट करत नाही. भरधाव सहा लेनच्या रस्त्यावर शंभर दुकानं उघडली, की दर दहा पावलांवर कुणीतरी वळतंय, कुणीतरी थांबतंय.

याचं आपल्या देशातलं सगळ्यात नेटकं उदाहरण चंडीगढ आहे. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझियेने तिथे रस्त्यांचे व्ही-१ ते व्ही-७ असे सात दर्जे ठरवले. व्ही-१ बाहेरच्या शहरांना जोडणारे, व्ही-३ सेक्टरभोवतीचे वेगवान, व्ही-४ सेक्टरच्या आतला दुकानांचा रस्ता आणि व्ही-७ म्हणजे पायवाट. नेहमीचा सेक्टर ८०० बाय १२०० मीटर. यातली खरी गंमत अशी, की व्ही-३ला घरांची दारं नाहीत. घरं आत तोंड करून बसलेली, वेगवान रस्ता त्यांच्या पाठीमागून जातो.

खेळात सात दर्जे लागत नाहीत, तीन पुरतात.

वरचा दर्जा हायवे, १०० किमी वेग, कडेला झोन होतच नाही. मधला दर्जा सहा किंवा चार लेनचा जोडरस्ता. तळाला दोन लेनच्या गल्ल्या, ४० किमी, तिथे घरं, दुकानं, शाळा. गल्ली जोडरस्त्याला मिळेल, जोडरस्ता हायवेला मिळेल. गल्ली थेट हायवेच्या रॅम्पला मिळणार नाही. एवढा एक नियम पाळलात तरी शहर साठ हजारांपर्यंत विनातक्रार जातं.

मधल्या दर्जाच्या रस्त्यावर झोनची चौकट आपोआप उमटते आणि ती रंगवायचा मोह होतो. रंगवू नका. तिथे झाडं लावा, उद्यान टाका, मोकळं सोडा. आणि या रस्त्यावरचे चौक लांब लांब ठेवा. मी दोन चौकांत किमान पंचवीस घरं म्हणजे २०० मीटर सोडतो. आतल्या गल्ल्यांचा स्वतःचा गट करायचा आणि तो गट जोडरस्त्याला दोन, फार तर तीन ठिकाणी जोडायचा. प्रत्येक गल्ली जोडरस्त्यावर आणून सोडली, की दर आठ-दहा घरांवर सिग्नल उभा राहतो आणि तुमचा सहा लेनचा रस्ता म्हणजे लांबट वाहनतळ होतो.

दोन ठिकाणीच जोडल्यावर तिथे गर्दी होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून आतल्या गटांना शेजारच्या गटाशीही एक-दोन गल्ल्यांनी जोडा, म्हणजे शेजारच्या शाळेत जायला मुख्य रस्त्यावर यावं लागत नाही. मात्र ही जोडगल्ली सरळसोट करू नका. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आरपार जाणारी सरळ गल्ली दिसली, की खेळातली निम्मी गाड्यांची फौज तिलाच शॉर्टकट समजते. एखादं नागमोडी वळण घातलं की अंतर वाढतं आणि मोह संपतो.

चौक: सगळी भानगड इथे

साध्या दोन लेनच्या दोन रस्त्यांची फुली घेतली, तर तिथे गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतील, मिळतील किंवा फुटतील अशा ३२ जागा असतात. तीन फाट्यांच्या चौकात अशा फक्त ९. एका लेनच्या चार फाट्यांच्या राउंडअबाउटमध्ये, म्हणजे गोल चक्करात, ८. वाहतूक अभियंत्यांची ही आकडेवारी जुनीच आहे, पण चौकात काय होतं ते समजायला याहून सोपी गोष्ट मला सापडलेली नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: फुली तोडा. समोरासमोर येणाऱ्या दोन गल्ल्यांपैकी एक दहा-बारा घरं पुढे सरकवा, एका फुलीचे दोन तिफाटे होतात. पाच-सहा फाटे एकत्र येणारा चौक तर नकाशावर छान दिसतो आणि सिग्नलच्या प्रत्येक फेरीत शहराचा जीव काढतो.

दुसरा उपाय सिग्नल काढण्याचा. दोन छोट्या गल्ल्यांच्या चौकात खेळ सिग्नल देत नाही, पण मोठा रस्ता आला की देतो. कडेची गल्ली अगदी किरकोळ असली तरी मुख्य रस्त्याची वाहतूक तिच्यासाठी थांबते. माहितीच्या पटलात वाहतूक मार्गांचं दृश्य उघडा, त्यात चौकांचा टॅब आहे, तिथे दिव्यावर टिचकी मारून सिग्नल बंद करता येतो आणि कडेच्या गल्लीला थांब्याची पाटी लावता येते. ही सोय २०१७ साली 'मास ट्रान्झिट' या विकतच्या विस्ताराच्या वेळी आलेल्या अद्ययावतीत सगळ्यांना मिळाली. दोन्ही रस्ते सारख्याच गर्दीचे असतील तर मात्र सिग्नल राहू द्या, नाहीतर गाड्या चौकाच्या मधोमध एकमेकींत अडकतात.

तिसरा उपाय राउंडअबाउट. तो असा बांधा:

१. जिथे हवाय तिथे आधी साध्या रस्त्याची अधिकची (+) खूण करा, मध्यापासून चारही बाजू सहा-सहा घरं. याहून लहान चक्कर करू नका, आत दोन ट्रक आले की भरतं.

२. दोन लेनचा एकेरी रस्ता आणि वक्र रेषेचं साधन घ्या. एका बाजूच्या टोकावर टिचकी, तिथून काटकोनात सहा घरं जाऊन दुसरी टिचकी, आणि शेजारच्या बाजूच्या टोकावर तिसरी. पाव वर्तुळ झालं. घरं मोजायला झोनची चौकट वापरा. अशी चार पाव वर्तुळं.

३. डावीकडून वाहतूक असेल तर चक्कर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं पाहिजे. रस्ता ज्या दिशेने ओढला तीच त्याची दिशा होते. चुकलं तर पाडू नका, अपग्रेडचं साधन घेऊन त्या तुकड्यावर उजवी टिचकी मारा, दिशा उलटते.

४. आतली अधिकची खूण बुलडोझरने काढा. बाहेरचे रस्ते वर्तुळाला जोडा.

५. आता सिग्नल तपासा. मोठा रस्ता जोडलाय तिथे खेळाने हमखास दिवा ठेवलेला असतो. चारही काढा आणि आत येणाऱ्या रस्त्यांना थांब्याची पाटी द्या, म्हणजे आत फिरणाऱ्याला आधी वाट मिळेल. आत येणाऱ्याने थांबायचं, हा नियम ब्रिटनने १९६६ साली सरसकट लागू केला तेव्हापासून तिथली चक्करं अडकायची थांबली. त्याआधी आत येणारे घुसत राहायचे आणि फिरणारे जागेवरच कोंडायचे.

राउंडअबाउट सगळीकडे टाकायची चीज नाही. त्याच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर वीस घरांच्या आत सिग्नल असेल, तर त्या सिग्नलची रांग मागे येऊन चक्करात शिरते आणि स्वतःचीच शेपटी पकडून बसते. अशा वेळी चक्कर मोठं करून काही होत नाही, पुढचा सिग्नल काढा.

हायवेवर लेनचा हिशोब

नियम एका ओळीचा: जेवढ्या लेन आत, तेवढ्या बाहेर. तीन लेनच्या हायवेवरून एक लेनचा रॅम्प फुटला, तर पुढे दोनच लेन उरायला हव्यात. पुढे एक लेनचा रॅम्प येऊन मिळाला, की पुन्हा तीन.

असं केल्याने काय होतं ते रस्त्यावर रंगवलेल्या बाणांत दिसतं. तीनाच्या तीन लेन पुढे ठेवल्यात, तर सगळ्यात डावीकडच्या लेनवर सरळ आणि डावीकडे असे दोन्ही बाण येतात, आणि सरळ जाणारी मोटार उतरणाऱ्या ट्रकमागे रांगेत अडकते. पुढे दोनच ठेवल्यात, तर डावी लेन फक्त रॅम्पची होते. पुढे मिळणाऱ्या रॅम्पलाही स्वतःची लेन मिळते, त्याला कुणाच्या फटीत घुसावं लागत नाही. दोन लेनचा आणि चार लेनचा हायवे 'मास ट्रान्झिट'मध्ये मिळतो. हा विस्तार विकत घेतला नसेल तर मॉडमधून (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांतून) मिळतात, ते जास्त चांगले.

उतरणारा रॅम्प आधी आणि चढणारा नंतर, हा क्रम ठेवा. उलटं केलं, तर चढणाऱ्यांना उजवीकडे सरकायचं असतं, उतरणाऱ्यांना डावीकडे यायचं असतं आणि दोघांची वेणी पडते. पाकळ्यांच्या क्लोव्हरलीफ इंटरचेंजचा दोष हाच. अमेरिकेतला पहिला क्लोव्हरलीफ १९२९ साली न्यू जर्सीतल्या वुडब्रिजला झाला, आता तिथेही नव्याने सहसा कोणी बांधत नाही. खेळात तयार मिळतो म्हणून मोहात पडू नका. मी पहिल्यांदा ठेवला तेव्हा आठवडाभर त्याच्याकडे कौतुकाने बघत होतो, मग त्याच्या चारही पाकळ्या लाल झाल्या.

आंबेवाडीचे कारखाने

एक कोंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, कारण उपाय शोधायची पद्धत कुठल्याही नियमापेक्षा जास्त कामाची आहे.

आंबेवाडी हे माझं चौथं शहर. हायवे पूर्व-पश्चिम. उत्तरेला वस्ती, दक्षिणेला कारखाने, मध्ये हायवेवरून जाणारा सहा लेनचा पूल आणि त्याच्या दोन्ही टोकांना रॅम्पचे चौक. साधा डायमंड इंटरचेंज. कारखान्यांपासून पुलापर्यंत ट्रकांची रांग, एकाच लेनमध्ये.

आधी मी चुकीच्या गोष्टी केल्या. त्या रस्त्याला समांतर दुसरा रस्ता काढला. तो त्याच चौकात येऊन मिळाला, दोन रांगा झाल्या. मग पुलाजवळचा सिग्नल काढला. ट्रक चौकात अडकले.

मग वाहतूक मार्गांचं दृश्य उघडलं. हे खेळातलं सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं बटण. कुठल्याही रस्त्यावर टिचकी मारा, त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी कुठून येते, कुठे जाते ते रेषांनी दिसतं. मोटारी, ट्रक, सार्वजनिक वाहनं, पादचारी, पालिकेच्या गाड्या असे गट वेगवेगळे चालू-बंद करता येतात. मी फक्त ट्रक चालू ठेवले आणि रांगेवर टिचकी मारली. जवळपास सगळ्या रेषा पूल ओलांडत होत्या, उत्तरेच्या चौकात उजवीकडे वळत होत्या आणि हायवेने पूर्वेला नकाशाबाहेर जात होत्या. वस्तीकडे जाणाऱ्या रेषा मोजक्याच.

म्हणजे आजार असा होता: पूर्वेला जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला समोरून येणारी वाहतूक कापत उजवं वळण घ्यायचं होतं, आणि त्यासाठी प्रत्येक जण कारखान्याच्या दारापासूनच उजवी लेन धरून निघत होता. सहाऐवजी दहा लेन दिल्या असत्या तरी वापरली गेली असती ती एकच.

उपाय त्यातूनच निघाला. कारखान्यांच्या पूर्व कडेपासून एक एकेरी रॅम्प उचलला, हायवेच्या वरून पलीकडे नेला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या बाजूला डावीकडून मिसळला. चौक नाही, सिग्नल नाही, उजवं वळण नाही.

रांग हलली, पण संपली नाही. कारखान्यांच्या आत, रॅम्पच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कारण मी रॅम्पचं टोक आतल्या मुख्य रस्त्यावर सिग्नलच्या चौकात आणून सोडलं होतं. कोंडी एका चौकातून दुसऱ्या चौकात नेली, एवढंच काय ते झालं होतं. मग आतला मुख्य रस्ता एकेरी केला: पश्चिमेकडून आत, पूर्वेकडून बाहेर. आतल्या गल्ल्यांतून ट्रक डावीकडे वळून त्याला मिळतात आणि न थांबता रॅम्पवर जातात. आणि पूर्वेकडून येणाऱ्या हायवेवरून, पुलाच्या बरंच अलीकडे, कारखान्यांच्या पश्चिमेच्या तोंडाला जाणारा वेगळा उतरणीचा रॅम्प दिला. तो पूल आणि त्याचे दोन्ही चौक आता फक्त वस्तीचे राहिले.

लगेच फरक दिसला नाही म्हणून हातघाईला येऊ नका. आधी निघालेले ट्रक आपल्या जुन्याच मार्गाने जातात. खेळातले काही दिवस जाऊ द्या, वेग सगळ्यात जास्त करा, चहा घेऊन या. वाहतूक किती सुरळीत आहे ते दाखवणारा माझा प्रवाहाचा टक्का साठीच्या आसपास होता, परत आलो तेव्हा ऐंशीच्या वर होता.

जास्तीचा पूल कधी नको

कोंडी दिसली की नवा रस्ता जोडायचा, ही आपली सवय. पण सगळे एकाच वेळी 'सगळ्यात जवळची वाट' शोधत असतील, तर नवी वाट सगळ्यांचाच वेळ वाढवू शकते. डिट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने हे १९६८ साली कागदावर मांडलं. सोलमध्ये चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ साली पाडायला घेतला आणि २००५पर्यंत तिथे पुन्हा वाहतं पाणी आलं, शहर काही ठप्प झालं नाही. आपल्या खेळातल्या गाड्यांना तर गर्दी दिसतच नाही, त्यामुळे इथे हा प्रकार आणखी ठळक होतो. वस्तीतून जाणारा छोटा पूल बांधलात आणि अख्ख्या गावाची वाहतूक तिकडे वळली, तर तो पूल एकदा पाडून बघा. पाडणं स्वस्त असतं.

बाकीचं, भराभर

कचरा, रुग्णवाहिका, बंब यांची केंद्रं वस्तीत विखरून ठेवा, एका कोपऱ्यात थवा करू नका. एका दमात अख्खा भाग रहिवासी झोनने रंगवलात, तर सगळे एकाच वयाचे येतात, एकाच सुमारास मरतात आणि शववाहिका गल्लीबोळ भरून टाकतात. भाग थोडा थोडा करून वाढवा.

मालगाडीचं स्टेशन रामबाण वाटतं, पण त्याच्याभोवती ट्रकांचं पोळं लटकतं. ते जोडरस्त्यावर ठेवू नका. त्याला एकेरी रस्त्याचा स्वतःचा फेरा द्या आणि कारखान्यांशेजारी बसवा. शहराच्या मध्यभागी कारखान्यांऐवजी ऑफिसं केलीत, तर ऑफिसांना ट्रक लागतच नाहीत. एखाद्या वस्तीतून ट्रक आरपार जात असतील, तर तो भाग वेगळा डिस्ट्रिक्ट करून अवजड वाहनांना बंदीचं धोरण लावा. पण पर्यायी रस्ता आधी तयार ठेवा.

बसमध्ये ३० माणसं बसतात. म्हणून बसलाइन छोट्या ठेवा आणि मेट्रो स्टेशनला आणून सोडा. चाळीस थांब्यांची शहरभर फिरणारी लाइन काढली, की बसच कोंडी करतात. पायी चालणं हा मात्र खेळाचा सगळ्यात उदार भाग आहे. इथली माणसं अख्खा किलोमीटर विनातक्रार चालतात. वस्ती आणि बाजार यांच्यामध्ये मुख्य रस्त्यावरून उन्नत पायवाट टाका, दोन्ही टोकं गल्ल्यांत उतरवा. दुसऱ्या दिवशी त्यावर मुंगळ्यांसारखी रांग दिसेल आणि चौकातल्या मोटारी कमी झालेल्या असतील. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारं दुसरं काही मला माहीत नाही.

संगणकावर खेळत असाल तर 'ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन' हे मॉड घ्या. कुठल्या लेनमधून कुठल्या लेनमध्ये जायचं, कोणाला आधी वाट, वेग किती, सगळं हाताने ठरवता येतं. पण आधी वरची कामं मॉडशिवाय करून बघा, नाहीतर वाईट चौकाला लेनच्या पट्ट्या बांधत बसाल. गाड्या गायब होणं बंद करायचा पर्यायही त्यात आहे. तो चालू करून शहर तगलं, तर रस्ते खरोखर चांगले आहेत.

दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ला आला. तिथल्या गाड्या मार्ग ठरवताना वेळ, खर्च, आराम बघतात, पार्किंग शोधतात आणि लेनही बदलतात. त्यामुळे एकाच लेनची ती जगप्रसिद्ध रांग कमी दिसते. सिग्नल, झेब्रा, थांब्याच्या पाट्या रस्त्याच्या साधनांतच मिळतात. आंबेवाडीचा नकाशा मी तिथे पुन्हा उभा केलाय. डायमंडचा पूल या वेळी बांधलाच नाही, कारखान्यांचे दोन्ही रॅम्प पहिल्या दिवशी टाकले. सध्या तिथे कोंडी आहे ती मॉलच्या पार्किंगच्या तोंडाशी, आणि त्याचं काय करायचं ते अजून ठरतंय.